गौरीच्या पानाची डावी बाजू

एकदा एक गुळाचा व्यापारी भादव्याच्या रिपरिपीत, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, नदीकाठच्या मठीत राहणाऱ्या एका वृद्ध बाबांकडे आला. बाबा आपल्या शिष्याबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. व्यापाऱ्यानं खोळ काढून बाजूला ठेवली, पाय पुसले आणि बसला. बाबांनी त्याच्यापुढे मूठभर शेंगा सरकवल्या. मग तोही फोडू लागला.

"बाबा, माझं घर फुटतंय," तो अखेर म्हणाला.

"कशावरून?"

व्यापाऱ्यानं मान खाली घातली. "सांगायला लाज वाटते. चटणीवरून."

शिष्याला हसू आलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि म्हणाले, "सांगा."

व्यापाऱ्यानं सांगितलं ते असं. गुळाच्या निमित्तानं त्याचं येणंजाणं दूरवर होतं. जिथं व्यवहार जमला तिथं माणसंही जमली, आणि तिथल्याच मुली त्यानं सुना करून आणल्या. थोरली द्वारका कोकणातली. धाकटी कमळजा वऱ्हाडातली. दोघी गुणाच्या, कामाला वाघीण. वर्षभर घरात आवाज म्हणून चढत नाही. पण गौरीचा सण आला, की पानाच्या डाव्या बाजूवरून वाद पेटतो.

आपल्या जेवणात पानाला दोन बाजू असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उजवीकडे भाजी, आमटी, मधे भात आणि पुरणाची पोळी. पोट भरतं ते त्यांनी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. चिमूटभर, बोटभर. उजव्या बाजूबद्दल या घरात कुणाचीच तक्रार नव्हती, कारण पुरण कोकणातही तेच, वऱ्हाडातही तेच. भांडण होतं ते त्या बोटभर जागेचं.

"आमच्या घरी डावीकडे पंचामृत असतं," व्यापारी म्हणाला. "चिंच, गूळ, तीळ, शेंगदाणे, मिरची. माझ्या आईच्या हातचं माझ्या बायकोनं उचललं, ते आजवर तसंच चाललंय. पण द्वारका म्हणते, आमसुलाच्या चटणीवाचून गौरीचं पान पुरं होत नाही. आता आमच्याकडे आमसुलाची चटणी करतात ती श्राद्धाला. सणाच्या दिवशी ती पानात कशी वाढायची? आणि कमळजा म्हणते जवसाची चटणी. गेल्या साली तिनं केली, तर माझी बायको म्हणाली, 'जवसाची पेंड आमच्याकडे म्हशीला घालतात.' झालं. ती पोर दोन दिवस जेवली नाही."

"आणि यंदा?"

"यंदा थोरल्या मुलानं मागच्या पडवीत नवी चूल घातलीय. मातीची. अजून ओलीच आहे. गौरी बोळवल्या, की त्या चुलीवर वेगळा स्वयंपाक." व्यापाऱ्यानं पुढ्यातली टरफलं गोळा करून बाजूला सारली. "एकदा चूल वेगळी झाली, बाबा, की अंगणही वेगळं व्हायला वेळ लागत नाही. तुम्ही येऊन एवढं सांगा, की बरोबर कुणाचं. तुमचं कुणी मोडणार नाही."

बाबांनी फोडलेले दाणे त्याच्या पदरी घातले. "गौरी कधी येतात?"

"परवा संध्याकाळी."

"मग आम्हीही परवा संध्याकाळी येतो."

व्यापारी गेला. शिष्य वयानं काही लहान नव्हता, आणि पोथ्याही त्यानं बऱ्याच वाचल्या होत्या. तो म्हणाला, "बाबा, जिभेचे चोचले आहेत हे. माणसानं रसना जिंकली, की सगळी चव सारखीच. समदृष्टी हवी. हेच त्यांना सांगायचं."

"सांगू," बाबा म्हणाले. "आधी जेवू."

ठरल्याप्रमाणे दोघं गेले तेव्हा व्यापाऱ्याच्या दारात गौर येत होती. व्यापाऱ्याच्या बायकोनं, तुळसाबाईंनी, गौरीचा मुखवटा सुपात घेऊन पदराखाली धरला होता. अंगणापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं उमटवत कमळजा पुढे चालली होती. मागून द्वारका थाळी वाजवत होती. रीतीप्रमाणे गौरीला सगळं घर दाखवायचं असतं. तुळसाबाईंनी तिला माजघर दाखवलं, गुळाची कोठी दाखवली, दुभती म्हैस दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं. प्रत्येक ठिकाणी द्वारका विचारी, "इथं काय आहे?" आणि तुळसाबाई म्हणत, "उदंड आहे." मागच्या पडवीपाशी मात्र त्यांचा पाय रेंगाळला नाही. तिथं कोपऱ्यात काहीतरी पोत्याखाली झाकलेलं होतं. गौर तिथून झटकन पुढे नेली.

बाबांनी ते पाहिलं. गौर आसनावर बसल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "बाई, ती पोत्याखालची चूल गौरीला दाखवली नाहीत?"

तुळसाबाईंनी पदर सावरला. "ती काय दाखवायची वस्तू आहे, बाबा?"

बाबांनी गौरीला नमस्कार केला.

आल्या संध्याकाळी गौरीला भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. पुरणावरणाचा थाट दुसऱ्या दिवशी. त्याप्रमाणे ज्वारीच्या भाकरी झाल्या, शेपूची भाजी झाली, नैवेद्य झाला, सगळे जेवले. जेवण आटोपल्यावर बाबांनी तुळसाबाईंना म्हटलं, "नैवेद्याची एक भाकरी फडक्यात बांधून ठेवाल का? उद्या लागेल."

"म्हशीला?"

"नाही. मला."

तुळसाबाईंनी शिष्याकडे पाहिलं. शिष्यानं मान हलवली, म्हणजे त्यालाही काही कळलं नव्हतं.

दुसरा दिवस उजाडला तो गडबडीतच. पुरण शिजत होतं, कटाची आमटी उकळत होती, केळीची पानं धुऊन उभी करून ठेवली होती. पण वाढायची वेळ झाली आणि घोडं अडलं. तुळसाबाई म्हणाल्या, "डावी बाजू मी वाढणार. माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"मग उजवी पण तुम्हीच वाढा, आत्याबाई," द्वारका म्हणाली. "माझे हात रिकामे आहेत, ते रिकामेच राहू देत."

"काहून वो," कमळजा दाराआडून म्हणाली, "दोघी भांडता भांडता पोळ्या गार होऊन राहिल्या की! मी तर कोणतीच बाजू नाही वाढत. माझ्या हातचं म्हशीला जातं ना."

व्यापाऱ्यानं कपाळाला हात लावला. अखेर तो शिष्याला म्हणाला, "महाराज, तुम्ही परके. तुमच्यावर कुणाचा राग नाही. तुम्हीच वाढा."

शिष्यानं उपरणं कमरेला बांधलं आणि पंचामृताचं पातेलं उचललं. तो बोळातून जाऊ लागला, तोच द्वारकेनं त्याच्या हातात एक वाटी सरकवली. "दादा, एवढी आमसुलाची चटणी आहे. गौरीच्या पानात बोटभर वाढा हो. कुणाला सांगू नका." तो चार पावलं पुढे जातो, तर मागच्या दाराशी कमळजा. तिच्या ओच्यात दुसरी वाटी. "दादा, गौरीच्या पानात हे. चिमूटभर. तुम्हाला पुण्य लागेल."

शिष्य बोळात उभा राहिला. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात दोन वाट्या. एकीचं वाढावं तर दुसरी दुखावते. दोघींचं वाढावं तर सासूबाई दुखावतात. कुणाचंच न वाढावं तर तिघी. तेव्हा त्याला आपली समदृष्टी आठवली. त्यानं दोन्ही वाट्या पातेल्यात उपड्या केल्या, पळीनं नीट ढवळलं, आणि प्रसन्न मनानं वाढायला निघाला. आता भेद म्हणून उरला नव्हता.

त्यानं गौरीच्या पानात वाढलं. पंगतीत वाढलं. नैवेद्य दाखवून झाला. व्यापाऱ्यानं चित्राहुती घातल्या आणि सवयीनं पहिलं बोट पंचामृताला लावून तोंडात घातलं.

त्याचे डोळे मिटले. ते बराच वेळ मिटलेलेच राहिले.

"हे," तो म्हणाला, "हे काय आहे?"

थोरल्या मुलानं चाखलं. "यात आमसूल आहे."

धाकट्यानं चाखलं. "यात जवस आहे." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि वाईट लागतंय."

तुळसाबाई गौरीपाशी बसल्या होत्या. त्या उठल्या, गौरीच्या पानाकडे वाकून पाहिलं, बोटानं चाखलं, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "गौरीच्या पानात श्राद्धाची चटणी! माझ्या घरात! माझ्या पंचामृतात!"

"मी वेगळी दिली होती!" द्वारका म्हणाली. "यात ती तेलकट भुकटी कुणी घातली ते विचारा."

"भुकटी?" कमळजा कडाडली. "आणि तुमचं ते आंबट? एक बोट खाल्लं तर दात आंबून जातात माणसाचे!"

"उद्याची वाट कशाला बघायची?" तुळसाबाई म्हणाल्या. "आजच पेटवा ती चूल. गौरीच्या देखत पेटवा."

"पेटवते," द्वारका म्हणाली. "लाकडं मी केव्हाच आणून ठेवलीत."

"मग माझ्यासाठी तिसरी घाला," कमळजा म्हणाली. "माती कालवता येते मला."

व्यापारी पानावरून अर्धा उठला. शिष्य पातेलं धरून खांबाशी टेकला होता. आपण काय केलं हे त्याला आता कळत होतं, पण ते परत वेगळं कसं करायचं हे त्याला कळत नव्हतं.

तेवढ्यात बाबा शांतपणे म्हणाले, "बाई, माझी भाकरी द्या."

तुळसाबाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणालात?"

"कालची भाकरी. फडक्यात बांधून ठेवली होती ती."

"अहो बाबा, पुरणाचं पान वाढलंय! सणाच्या दिवशी शिळी भाकरी? लोक काय म्हणतील? गौर काय म्हणेल?"

"गौरीचीच आहे ती. तिनं काल खाल्लीय."

भाकरी आली. रात्रीत ती कडक झाली होती. बाबांनी पुरणाची पोळी हळूच बाजूला सारली आणि भाकरी पानात ठेवून तिचे तुकडे केले. कडाकडा आवाज झाला. एक तुकडा त्यांनी द्वारकेपुढे धरला. "पोरी, तुझ्या वाटीला अजून काही चिकटून असेल, तर या तुकड्याला लाव. आणि मला सांग, तुझ्या माहेरी ही चटणी कशाबरोबर खायची?"

द्वारकेला वाटलं होतं, बाबा रागावतील. ती गोंधळली. तिनं वाटीच्या कडेची चटणी तुकड्याला पुसली. "पेजेबरोबर," ती म्हणाली.

"सणाला पेज?"

"सणाला नाही. पावसात." तिचा आवाज खाली आला. "आमच्यात आषाढात लाकडं भिजतात. चूल फुंकून फुंकून आईचे डोळे सुजायचे. पेज शिजली तरी नशीब. मग भाजी कोण शिजवणार? आमसूल भिजवायचं, गूळ, जिरं, नारळ, पाट्यावर वाटायचं. विस्तव लागत नाही तिला. आई म्हणायची, आज चूल रुसली तरी तुमचं पान रुसणार नाही." तिनं वाटीची कड पुन्हा बोटानं पुसली. "गौर येईस्तोवर पाऊस ओसरतो. लाकडं वाळतात. तेव्हा पुरण करतो. पण आई त्या पानात ही चटणी वाढायचीच. म्हणायची, हिनं आपल्याला निभावलं, हिला पंगतीतून उठवायचं नाही."

बाबांनी तो तुकडा खाल्ला. सावकाश खाल्ला. मग दुसरा तुकडा त्यांनी कमळजेपुढे धरला. "आणि तुझी?"

"माझी तर भाकरीचीच आहे जी," कमळजा म्हणाली. बोलता बोलता तिचे डोळे हसू लागले. "आमच्या शेताच्या कडेला जवसाचे दोन तास, दोन ओळी, असत. निळी फुलं येतात त्याला, लई सुंदर. घरी तेलाची ओढ असायची. माय काय करायची, भाकरीवर चटणीचा डोंगर करायची. मग बोटानं त्याच्यात विहीर पाडायची. अन् त्या विहिरीत एवढंसं तेल सोडायची. आम्ही भावंडं त्या विहिरीपायी भांडायचो. ज्याची विहीर मोठी तो राजा." तिनं वाटीतली उरलेली भुकटी तुकड्यावर टाकली आणि नकळत बोटानं तिच्यात खळगा केला. मग लाजून हात मागे घेतला. "तेल नाही जी."

"आणतो," म्हणत धाकटा मुलगा पानावरून उठला आणि स्वतः तेलाची बुधली घेऊन आला. पंगतीत हसू फुटलं. थोरलाही हसला. विहीर भरली. बाबांनी तो तुकडा खाल्ला, आणि दाढीला लागलेलं तेल उपरण्यानं पुसलं.

मग त्यांनी तिसरा तुकडा उचलला. "आता बाई, तुमचं."

तुळसाबाई ताठ उभ्या होत्या. "माझं काय? पंचामृत आहेच की. नास झाला त्याचा, ते सोडा."

"पंचामृत या घरचं. मी तुमचं विचारतोय."

"मी या घरचीच आहे."

"आहातच. पण इथं येण्याआधी कुठून आलात?"

व्यापाऱ्यानं बायकोकडे पाहिलं. त्याच्या ध्यानात आलं, की हा प्रश्न त्यानं स्वतः तिला कधी विचारला नव्हता.

"आमचं गाव घाटापलीकडचं," तुळसाबाई अखेर म्हणाल्या. "खडकाळ. पाऊस यायचा तर यायचा. भाजीपाला कुठला? दाराशी चिंच होती तेवढीच हिरवी. तिचा कोवळा पाला ओरबाडायचा, तव्यावर तीळ आणि मिरचीबरोबर परतायचा, ठेचायचा. चिंचेच्या पाल्याची चटणी. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला आईनं डबीत घालून दिली होती. म्हटली, नव्या घरी गौरीपुढे ठेव, म्हणजे तिला कळेल तू कुणाची. मी इथं आले, हौसेनं डबी उघडली, आणि सासूबाई म्हणाल्या, 'पाला आमच्याकडे शेळीला–'"

त्या तिथंच थांबल्या.

कमळजा त्यांच्याकडे बघत होती. तुळसाबाईंनीही कमळजेकडे पाहिलं. बाहेर म्हैस हंबरली.

"मी तुला म्हशीचं बोलले," तुळसाबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "मला शेळीचं बोलले होते, तर मी महिनाभर धुसफुसत होते. आणि मी तुला म्हशीचं बोलले ग."

"म्हैस मोठी असते, आत्याबाई," कमळजा म्हणाली. "तुम्ही मान वाढवूनच दिला."

तुळसाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्याला लावला. द्वारका पुढे झाली आणि तिनं सासूला खांबापाशी बसवलं.

मग बाबा बोलले. ते फार बोलत नसत.

"पुरण ही घराची ऐपत," ते म्हणाले. "दिवस बरे आले, की जो तो पुरण करतो. म्हणून ते सगळीकडे सारखं. चटणी तशी नाही. दिवस बरे नव्हते, तेव्हा ज्या त्या आईनं हाताशी होतं त्यातून पोरांच्या तोंडाला चव आणली. कुणाच्या हाताशी आमसूल होतं, कुणाच्या जवस, कुणाच्या दारात नुसती चिंच. म्हणून ती घरोघरी वेगळी. या पोरी चवीसाठी भांडत नाहीत. आपल्या आईला पंगतीत जागा मागतायत. तुम्ही गौरीला माहेरवाशीण म्हणून आणता ना? आल्या संध्याकाळी तिला भाकरी देता. का? माहेरी आलेल्या लेकीला आधी घरचं साधं हवं असतं, पुरण उद्या. एवढं ज्या घराला कळतं, त्या घरानं आपल्या लेकींचं माहेर पानाबाहेर ठेवलं. माझं एवढंच म्हणणं आहे."

व्यापारी हळूच म्हणाला, "म्हणजे बरोबर कुणाचं, बाबा?"

"पान केवढं आहे ते बघा," बाबा म्हणाले, आणि हातातला तिसरा तुकडा त्यांनी तसाच पानाच्या कडेला ठेवून दिला. "याला अजून काही लागलेलं नाही. हा मी उद्या खाईन."

दुसऱ्या दिवशी गौरी बोळवायच्या होत्या. सकाळी शिष्य अंगणात आला, तर घरामागच्या चिंचेखाली तिघी दिसल्या. तुळसाबाईंनी कासोटा खोचला होता. द्वारका फांदी वाकवून धरत होती, आणि कमळजा उड्या मारून शेंड्याचा पाला ओढत होती.

"निबर आहे ग हा. शेंड्याचा काढ, शेंड्याचा!"

"आत्याबाई, शेंडा आभाळात आहे."

"मग चढ! वऱ्हाडात झाडं नाहीत का?"

"झाडं आहेत वो. पण सासवा खाली उभ्या नसतात."

इतकी वर्षं तुळसाबाई त्या चिंचेखालून पाणी आणत होत्या, तिच्या चिंचा झोडून पंचामृत करत होत्या. तिच्या पाल्याकडे मात्र त्यांनी मान वर करून पाहिलं नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या चुलीवर दहीभाताचा भात होता. म्हणून तीळ आणि पाला परतायला तुळसाबाईंनी पडवीतल्या चुलीवरचं पोतं काढलं आणि द्वारकेनं आणलेली लाकडं तिच्यात सारली. ओली चूल खूप धुरली. तिघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. चटणी थोडी करपली, आणि तुळसाबाईंनी शपथेवर सांगितलं की आईचीही अशीच करपायची. मग त्या आत गेल्या, गौरीचा मुखवटा उचलला आणि पडवीत आणून तिला ती चूल दाखवली.

"इथं काय आहे?" द्वारकेनं विचारलं.

"उदंड आहे," तुळसाबाई म्हणाल्या, आणि खोकू लागल्या. धूर फार होता.

त्या दिवशी वाढायला पुन्हा शिष्यच उभा राहिला. ते त्यानं स्वतः मागून घेतलं. या वेळी त्याच्या हातात चार वाट्या होत्या: ताजं पंचामृत, आमसुलाची चटणी, जवसाची चटणी, चिंचेच्या पाल्याची. त्यानं प्रत्येकीतलं बोटभर घेतलं, आणि दोहोंच्या मधे बोटभर जागा ठेवून वाढलं, म्हणजे एकीचं पाणी दुसरीत जाऊ नये. बाबा बघत होते. तिसरा तुकडा चिंचेच्या पाल्याला लावून त्यांनी डोळे मिटून खाल्ला.

गौरी बोळवल्या. गुरुशिष्य मठीकडे निघाले. पाऊस थांबला होता. बराच रस्ता चालून गेल्यावर शिष्य म्हणाला, "बाबा, मी सगळं एकत्र केलं त्याला मी समदृष्टी समजलो."

"हं."

"तो आळशीपणा होता."

"थोडा होता," बाबा म्हणाले. "पण पळीनं छान ढवळलं होतंस."

शिष्य हसला. पुन्हा काही वेळ दोघं चालले. मग त्यानं विचारलं, "तुमच्या घरी काय असायचं, बाबा? डावीकडे?"

बाबांना हा प्रश्न कुणी बहुधा विचारला नसावा. ते ओढ्याच्या काठाशी थांबले, धोतर गुडघ्यापर्यंत घेतलं आणि पाण्यात पाय घातला.

"आमच्या घरी दुसरं काही नव्हतं," ते म्हणाले. "आई भाकरीशेजारी मीठ ठेवायची. तेवढंच."

शिष्याला सकाळचं वाढणं आठवलं. चारही वाट्यांच्या आधी, कुणी न सांगता, रीतीप्रमाणे त्यानं प्रत्येक पानाच्या डोक्याशी पहिल्यांदा काय ठेवलं होतं, ते आठवलं. त्यानं बाबांच्या हाताला धरलं, आणि दोघं ओढा उतरून पलीकडे गेले.

त्या व्यापाऱ्याच्या पडवीतली चूल अजून आहे म्हणतात. तिच्यावर सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी तापतं. आपणही सणाचं पान मांडताना मीठ वाढून झालं की क्षणभर हात थांबवावा, आणि घरात कोण कुठून आलं आहे ते आठवून मगच पुढचं वाढावं.